खोली सोडायला कारण लागतं

आमच्या घरात एक नियम आहे. तो तात्यांनी केलाय, म्हणून त्याला 'का' विचारायचं नाही. पोरीनं भाड्याची खोली वर्षाच्या आत सोडायची नाही. आणि सोडायचीच वेळ आली, तर कारण असं द्यायचं की ऐकणाऱ्यानं मान हलवून 'बरोबर आहे' म्हटलं पाहिजे.

या एका नियमापायी मी अंबाजोगाईत काय दिवे लावले ते सांगायचं म्हणजे माझ्याच अब्रूचा पंचनामा मीच करायचा. पण तुम्ही आपली माणसं. हसून घ्या, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण नंतर.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. घाटनांदूरच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. विहारात दर रविवारी सगळ्या वस्तीला बसवून सांगतात की प्रत्येक गोष्टीची चिकित्सा करा, कुणी सांगितलं म्हणून मानू नका. घरी आले की टोपी खुंटीला आणि चिकित्सा पण खुंटीला. घरात प्रश्न फक्त त्यांनी विचारायचे.

त्यात गंमत बघा. खोलीचा करार अकरा महिन्यांचा आणि तात्यांचा नियम बारा महिन्यांचा. म्हणजे कायद्यानं मोकळी झालेली पोरगी तात्यांच्या हिशेबानं अजून महिनाभर अडकलेलीच. मी हे एकदा त्यांना दाखवून दिलं होतं. ते म्हणाले, "कायदा आमाला नको शिकवू." आमच्या समाजात कायदा शिकवू नको म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. रोज पाहते.

पण खरं सांगायचं तर या नियमामागं तात्यांचं एक दुखणं आहे, आणि ते खोटं नाही. खोली शोधायला ते माझ्याबरोबर अंबाजोगाईत दिवसभर हिंडले होते. दारावर पाटी, 'खोली भाड्याने देणे आहे'. आत गेलं, चहापाणी झालं, आडनाव सांगितलं, की खोली नेमकी कालच गेलेली. बाहेर येऊन बघावं तर पाटी जिथल्या तिथं. शेवटी अण्णांच्या घरी आलो. अण्णा मूळचे सिरसाळ्याचे, तिथलं बी-बियाण्याचं दुकान पोराच्या हवाली करून इथं घर बांधून राहिलेले. त्यांनी आडनाव ऐकलं आणि विचारलं, "पोरगी गॅस नीट बंद करती का?" बस्स. दुसरा प्रश्न नाही. तात्यांना तेवढ्यानं भरून आलं. जिना उतरताना मला म्हणाले, तू ही खोली नीट ठेवली तर उद्या आपल्या दुसऱ्या पोरीला हे दार उघडं राहील. वाकडी सोडली तर बंद होईल.

अशा माणसाशी भांडायचं कसं? म्हणून मी त्यांच्याशी बाकी सगळ्या विषयांवर भांडते.

तर ही वरची खोली मी घेतली होती तलाठी भरतीच्या अभ्यासाला. शिक्षण माझं केमिस्ट्रीत बीएस्सी. अभ्यास मी केला, मन लावून केला. पण भरती निघणार निघणार म्हणता पुढं जायची, आणि मी सातबाऱ्यावरच्या नोंदी पाठ करत बसायचे. एक दिवस वैताग आला म्हणून पुण्याजवळच्या एका औषधाच्या कंपनीत अर्ज टाकला. मुलाखत झाली. आणि चक्क बोलावणं आलं. लॅबमध्ये नोकरी, एक महिना सोडून त्यापुढच्या पहिल्या तारखेला हजर व्हा.

मी नाचले. मग तात्या आठवले आणि मी खाली बसले.

तात्यांच्या मते खाजगी नोकरी म्हणजे नोकरीच नव्हे. मालकाचं डोकं फिरलं की उद्यापासून येऊ नका. आपल्या माणसानं सरकारात बसलं पाहिजे, असं ते म्हणतात, आणि पप्पांनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावानं, आयुष्यात एकदाही त्यांचं म्हणणं खोडलेलं नाही. पप्पा एसटीत कंडक्टर आहेत. दिवसभर लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणतात आणि घरी तात्या म्हणतील तिथं स्वतः सरकतात.

म्हणून मी ठरवलं, आधी खोली सोडायची, पुण्याला जायचं, हजर व्हायचं, आणि मग तिथून तात्यांना फोन करायचा. शूर आहे मी. पण फोनवर जास्त शूर आहे.

बरं, खोली सोडण्याचे सगळे नियम मला तोंडपाठ होते. मैत्रिणींना मी त्यावर व्याख्यानं द्यायचे. दोघांपैकी कुणीही एक महिना आधी सांगायचं. कारण द्यायची गरज नाही. भाडेकरूनं खोली होती तशी परत करायची, पण वापरानं जी झीज होते ती त्याच्या माथी मारता येत नाही. अनामत रक्कम परत मिळालीच पाहिजे. अगं, भाडं भरतो ना आपण, फुकट राहतो का? असं सगळं. शिवाय अण्णांची खोली रिकामी पडू नये म्हणून मी माझ्या कॉलेजातल्या धर्मापुरीच्या शीतलला तयार करून ठेवलं होतं. ती पहिल्या तारखेला यायला एका पायावर तयार होती. हे काही करारात नव्हतं, मी माझ्या चांगुलपणानं केलं होतं. चांगुलपणा आहे माझ्यात. नाव करुणा आहे माझं, उगाच नाही.

महिना सुरू व्हायच्या आत मी खाली गेले. अण्णा ओट्यावर बसून हरभरा निवडत होते.

"अण्णा, मी खोली सोडतेय. महिनाभर आधी सांगतेय. करारात तसंच ठरलंय."

अण्णांनी मान वर केली. "कावून?"

एवढाच एक शब्द. उत्तर माझ्या घशापर्यंत आलं होतं: कारण सांगायची गरज नसते, अण्णा. पण लहानपणापासून मनावर कोरलेलं असतं ना, की समोरच्यानं मान हलवून 'बरोबर आहे' म्हटलं पाहिजे. माझ्या तोंडून निघालं, "पाण्याचा त्रास होतो."

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडं पाण्याचा त्रास कुणाला नाही? हे कारण म्हणजे ऊन फार आहे म्हणून जिल्हा सोडते म्हणण्यासारखं. मला वाटलं अण्णा मान हलवतील. अण्णांनी हरभऱ्याचं सूप बाजूला ठेवलं. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या घरी उपाशी झोपते असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून परत आले तर माझ्या खोलीच्या छतावर काळी टाकी. नवी कोरी. तिच्यातून नवा पाइप थेट माझ्या न्हाणीत. खाली काकू, म्हणजे अण्णांच्या मालकीणबाई, अजून हंड्या-कळशीनंच पाणी भरत होत्या. त्यांच्यासाठी नव्हती टाकी. माझ्यासाठी होती.

अण्णांनी ही वार्ता लगेच तात्यांना फोनवर कळवली. दोघांचं चांगलं जमतं, आठवड्यातून एकदा फोन असतोच. तात्यांनी मला फोन केला. म्हणाले, पाण्याचा प्रश्न मिटला, आता अभ्यास कर. माझी नोटीस राहिली बाजूलाच.

इथंच थांबायला पाहिजे होतं मी. इथंच खरं बोलले असते तर हा किस्सा झाला नसता, आणि तुम्ही आत्ता निवांत घरी गेला असता. पण मी हट्टी. म्हटलं कारण कमी पडलं, दुसरं काढू.

दुसरं कारण काढलं टीव्हीचं. संध्याकाळी काकूंच्या मालिका लागतात, आवाज वर येतो, अभ्यास होत नाही. हे तर अगदीच खोटं होतं, कारण त्या मालिकांचे आवाज ऐकून ऐकून मला त्यातली सगळी नाती पाठ झाली होती आणि कधी वीज गेली की मीच हळहळायचे. अण्णांना तसं सांगितलं. त्या संध्याकाळी मी जिन्यावरून खाली डोकावले. टीव्ही चालू, आवाज बंद. काकू आणि अण्णा शेजारी शेजारी बसलेले, आणि काकू ओठांच्या हालचालींवरून अंदाजानं सगळ्यांचे संवाद कुजबुजत म्हणून दाखवतायत.

"आता ही म्हणती, मी हे घर सोडून चालले. सासू म्हणती, खुशाल जा."

अण्णा कुजबुजले, "कावून चालली?"

मी चोरपावलांनी वर आले.

महिना पुढं सरकत होता. कंपनीतून दोनदा फोन आला, येताय ना म्हणून. मी मोठ्या आवाजात येतेय म्हणाले आणि खिडकी लावून घेतली. नोकरी हातची जायची वेळ आली होती, आणि मी इथं दोन प्रेमळ माणसांशी हरत होते. जुलमी घरमालकाशी लढायची सगळी तयारी होती माझ्याकडं. भाडं वाढवणारा, कुलूप लावणारा, अनामत दाबून बसणारा. या असल्या माणसाशी कसं लढायचं याचं एक कलम कुठं लिहून ठेवलेलं नाही.

मग काकूच वर आल्या. माझ्या कॉटवर बसल्या, माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "खरं सांग माय, तुला इथं काय होतंय? पाणी बी न्हाई, टीव्ही बी न्हाई. दुसरंच काहीतरी हाय."

मी काय सांगणार? खरंच काहीतरी एक सांगावं म्हणून म्हणाले, "काही नाही काकू, रात्री वरून आवाज येतो."

आणि येत होता. नव्या टाकीत पाणी पडायला लागलं की पाइपात हवा गुरगुरायची, मग टाकी ठक ठक करायची. दोन दिवसांत मला सवय झाली होती. हे मी पुढं सांगणारच होते. पण काकूंनी माझा हात घट्ट धरला.

"चालल्यागत?" त्यांनी विचारलं.

मी छताकडं बघितलं.

"सासूबाई," काकू पुटपुटल्या. "ही खोली त्यांचीच हुती. रात्री उठून सगळ्या घराचे नळ बंद हायेत का बघत हिंडायच्या. खोकतेत का गं?"

आता इथं माझी परीक्षा होती. मी करुणा. कॉलेजात 'अंधश्रद्धा आणि आजचा युवक' या विषयावर वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस घेतलेली. मी ताठ उठून सांगायला हवं होतं की काकू, भूत नसतं, ती टाकी आहे. पण डोक्यात एकच विचार आला, की या कारणावर उपाय नाही. टाकी बसवून हे मिटणार नाही. मी खाली बघत म्हणाले, "थोडंसं."

काकूंनी मान हलवली. कोरलेल्या नियमाप्रमाणं समोरच्यानं मान हलवली होती. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

चार दिवसांनी अमावास्या आली. संध्याकाळी मी दार उघडलं तर उंबऱ्याशी ताटली. त्यात शेव, थोडा चिवडा आणि कपभर चहा. म्हटलं काकूंचा जीव किती आहे आपल्यावर. मी इतकं खोटं बोलते आणि ही बाई मला खायला आणून ठेवते. डोळ्यांत पाणी आलं. ताटली आत घेतली, पुस्तक उघडलं आणि सगळं संपवलं. चहात साखर नव्हती. जरा कुरकुरले मनात, पण म्हटलं विसरल्या असतील. कपसुद्धा धुऊन, पालथा घालून परत उंबऱ्याशी ठेवला. चांगले संस्कार आहेत आमच्यावर.

थोड्या वेळानं जिन्यावर काकूंच्या रडण्याचा आवाज. मी धावत बाहेर. काकू रिकाम्या ताटलीसमोर बसलेल्या, पदर डोळ्यांना.

मला कुशीत घेऊन त्या काय म्हणाल्या ते ऐका. ताटली सासूबाईंसाठी ठेवली होती; त्यांना साखरेचा आजार होता, म्हणून चहा बिनसाखरेचा. आणि जिवंत असताना त्यांनी काकूंच्या हातचा चहा कधी पुरा प्यायला नाही. उभ्या आयुष्यात नाही. अर्धा पिऊन कप सारायच्या आणि म्हणायच्या, जमला न्हाई. "आज पुरा पिल्या गं," काकू म्हणाल्या. "आन् कप बी धुतला."

आता मी या बाईला सांगणार होते का, की तो चहा माझ्या पोटात आहे? तुम्ही सांगितलं असतं? शक्यच नाही. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. भुताच्या वतीनं.

हे इथंच राहिलं असतं तरी चाललं असतं. पण काकू स्वभावानं सरळ. शीतल खोली बघायला आली तेव्हा काकूंना वाटलं, परक्याच्या लेकराला अंधारात ठेवणं बरं नव्हे. त्यांनी तिला खाली बसवून, लाडू देऊन सगळं सांगितलं. सासूबाई रात्री हिंडतात, पण त्रास देत नाहीत, कप धुऊन ठेवतात. शीतल लाडू अर्धा टाकून पळाली. तिनं मला फोनवर जे ऐकवलं ते मी तुम्हाला सांगत नाही. आणखी एक मुलगी विचारायला येणार होती, ती आलीच नाही. गल्लीतली पोरं माझ्या खिडकीकडं बोट दाखवायला लागली.

अण्णा माझ्याशी बोलायचे बंद झाले. रागावले नव्हते ते, तेच वाईट होतं. ओट्यावर नुसते बसून असायचे. ज्या माणसानं आडनाव ऐकून दार उघडलं, त्याच्या घराला मी भूत लावलं होतं. करारात लिहिलं होतं की भाडेकरूनं खोलीचं नुकसान करायचं नाही. मी भिंतीत एक खिळासुद्धा ठोकला नव्हता आणि खोली कायमची रिकामी राहील असं करून ठेवलं होतं.

आमच्या भागात बातमी एसटीनं जाते आणि तिकीट पप्पांकडंच काढते. शीतलचा कुणी नातेवाईक पप्पांच्याच गाडीत बसला होता. त्याच संध्याकाळी ती बातमी घाटनांदूरला तात्यांपर्यंत पोचली, की गुरुजींच्या पुतणीला भूत दिसतं.

विचार करा. ज्या माणसानं हयातभर पोरांना शिकवलं की भूत नसतं, ज्यानं एका भगताला भर चौकात पंचांग फाडायला लावलं होतं, त्याच्या घरातली बीएस्सी झालेली पोरगी.

तात्या दुसऱ्या दिवशी पप्पांच्याच गाडीनं आले. पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, काखेत अंथरुणाची वळकटी. माझ्याकडं पाहिलं नाही. अण्णांना म्हणाले, आज या खोलीत मी झोपणार. तू खाली काकूंपाशी झोप, असं मला हवेत बघून सांगितलं. अण्णांनी हात जोडले. दोन म्हातारी माणसं काहीतरी मोठं कार्य हाती घेतल्यासारखी एकमेकांकडं बघत होती.

सकाळी आम्ही सगळे वर गेलो. पप्पांनी अर्धा दिवस रजा टाकली होती. तात्या कॉटवर बसलेले, डोळे लाल, लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला. पहाटे आवाज झाल्याबरोबर बॅटरी घेऊन छतावर चढले होते. या वयात. अण्णा खुर्चीवर बसले, काकू उंबऱ्यात, पप्पा भिंतीला टेकून उभे, कंडक्टरला बसायची सवय नसते.

तात्यांनी विहारात बोलतात त्या आवाजात सुरुवात केली. आवाजाचं कारण सापडलं होतं. टाकीत पाणी पडतं, पाइपात हवा अडकते, टाकीखाली एक वीट हलते. त्यांनी वीट बसवली होती. आवाज बंद. भूत नाही, नव्हतं, नसतं.

मला सुटल्यासारखं झालं. पण तात्यांचं संपलं नव्हतं. "म्हणजे खोली सोडायचं कारण राहिलं नाही," ते म्हणाले. "करुणा वर्षभर इथंच राहील. भुताला भिऊन पळाली असं कुणी म्हणता कामा नये."

अण्णा लगेच पुढं सरकले. "गुरुजी, माझं बी तेच म्हणनं हाय. पोरगी आता गेली तर खोलीत कुत्रं येनार न्हाई. हिनं वरीसभर राहून दाखवावं. भाडं बी नको मला."

काकूंनी उंबऱ्यातूनच सांगितलं की टाकीचं काय ते तुम्ही बघा, पण सासूबाईंना या पोरीचा लळा लागलाय, ती गेली तर त्या पुन्हा चहा अर्धाच सोडतील.

बघा म्हणजे. भूत नाही म्हणणारे, भूत आहे म्हणणाऱ्या आणि भूत परवडत नाही म्हणणारे, तिघांचं एकमत. आमच्या भागात एवढं एकमत कुठल्या गोष्टीवर झालेलं मी तरी पाहिलं नाही. ते माझ्या खोलीवर झालं.

पप्पा म्हणाले, "सगळे म्हणतेत तर रहा की बाळा."

"मी राहणार नाही," मी म्हणाले.

तात्यांनी तोंड उघडलं. मी बोलू दिलं नाही.

"पाण्याचा त्रास नव्हता. टीव्हीचा नव्हता. भूत तर नव्हतंच. मी खोटं बोलले, तीनदा. मला पुण्याजवळ लॅबमध्ये नोकरी लागलीय. खाजगी आहे. पहिल्या तारखेला हजर व्हायचंय आणि मी जाणार आहे. तुम्हाला विचारलं नाही तात्या, कारण तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मला 'नाही' ऐकायचं नव्हतं. अण्णा, माझी नोटीस आजपासून धरा. पुढच्या महिन्याचं भाडं मी देणार. शीतलला मी स्वतः जाऊन खरं सांगणार, तिला घेऊन येणार, गल्लीत सगळ्यांना सांगणार की पोरगी खोटारडी होती, खोली चांगली आहे. ही माझी जबाबदारी, ती मी पुरी करते. पण का जायचं, हे कुणाला पटवून देणं ही माझी जबाबदारी नाही. नोकरी नसती लागली तरी मला जाता आलं असतं. यापुढं कारण मागू नका. मी देणार नाही."

मग काकूंचा आवाज आला, अगदी बारीक.

"मंग त्यो च्या?"

माझा सगळा जोर तिथं उतरला. अण्णा काकूंकडं बघायचे टाळत होते. मी म्हणाले, "मी प्यायले काकू. मला वाटलं माझ्यासाठीच ठेवलाय. साखर नव्हती, तरी पुरा प्यायले. चांगला झाला होता."

काकूंनी पदर तोंडाला लावला. रडतायत की हसतायत कळेना. अण्णा जमिनीकडं बघत राहिले. तात्या माझ्याकडं बघत होते, सरळ, पहिल्यांदाच काही न विचारता. मी त्यांच्या प्रत्येक वाक्याला उत्तर तयार ठेवलं होतं. सरकारी नोकरीवर वेगळं, समाजावर वेगळं, मोठ्यांच्या मानावर वेगळं. पण कुणी वाक्यच टाकेना.

अशा वेळी माणसानं ताठ मानेनं निघून जावं, एवढं मला कळत होतं. मी चपला घातल्या, काकू उंबऱ्यातून आत सरकल्या तशी बाहेर आले आणि दार मागं ओढून घेतलं. जिना उतरले, अंगण ओलांडलं, फाटकाची कडी काढली. आणि तिथं मला आठवलं.

खोली माझी होती. मीच नुकत्याच दिलेल्या नोटिशीप्रमाणे अजून महिनाभर हक्कानं माझीच होती. निघून जायचं होतं ते त्यांनी.

मी फाटकात उभी राहून वर बघितलं. दार बंद, आत चौघं मोठी माणसं, आणि कुणाचाही आवाज नाही. परत वर जाऊन 'जरा बाहेर येता का' म्हणायचं, तर त्याला काहीतरी कारण लागणार होतं. आणि कारणं द्यायची तर मी आत्ताच बंद केली होती.